सुळक्यावरून उतरताना

शेवटच्या खडकाला पोट घासत इरावती सुळक्याच्या माथ्यावर पोचली, तेव्हा तिची दोन्ही कोपरं खरचटून रक्ताळली होती. तरी ती हसली. लग्नाच्या अकरा वर्षांत हेरंबने पहिल्यांदाच तिला आपल्याबरोबर डोंगरावर आणलं होतं.

त्याने तिला पाणी दिलं, तिची धाप ओसरू दिली आणि मग सांगितलं, "मला घटस्फोट हवाय. ऑफिसातल्या शर्वरीला माझ्यापासून दिवस गेलेत, सातवा महिना लागलाय."

"हे सांगायला इथे आणलंस?"

"घरी तू आकांत केला असतास. आईला ते झेपलं नसतं."

ती ताडकन उठली, चार पावलं गेली आणि कड्यापाशी थबकली. खाली तीनशे फूट नुसती हवा होती. पाय कुठे ठेवायचा, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

तो आधी उतरू लागला. कातळाकडे तोंड करून ती मागोमाग. "डावा पाय खाली घे. अजून. हं, आता भार टाक." खाचेत पाऊल बसेपर्यंत तो तिचा घोटा घट्ट धरून ठेवायचा. त्या हाताची तिला किळस येत होती, आणि तो सुटला की तीच ओरडत होती, "धर ना, हेरंब! सोडू नकोस!"

पायथ्याशी पोचल्यावर त्याने तिच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"बघ, किती शहाण्यासारखी उतरलीस," तो म्हणाला. "आता आईला तूच सांग. तुझं ती ऐकते."