सहा डाव्या बाह्या

“सहाच्या सहा स्वेटरांत, डाव्या बाहीवर, मनगटापासून चौथ्या ओळीत एक टाका उलट!” दुकानवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “मावशी, आता तरी खरं सांगा. मशीन कुठं लपवलंय? आणि बिघडलंय ते. दुरुस्त तरी करून घ्या.”

सासूबाईंचा चेहरा पार उतरला. चाळीस वर्षं सुया हातात धरल्या त्या काय हे ऐकायला?

त्याचं असं झालं होतं. त्यांचे लिननचे स्वेटर पातळ, हवेशीर, भर उन्हाळ्यातही अंगाला जड न होणारे. ऑफिसात एसीखाली कुडकुडणाऱ्या बायका ते हातोहात उचलायच्या. गेल्या हंगामात मात्र दोन परत आले. हाताचं म्हणून मशीनचं गळ्यात मारता, असं गिऱ्हाइकांनी दुकानात येऊन सुनावलं. टाके इतके सारखे, की कुणाचा विश्वासच बसेना. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “मावशी, प्रत्येकात एखादी चूक राहू द्या. हाताचं काम आहे हे दिसायला हवं. नाहीतर यंदा मला दुसरीकडे बघावं लागेल.”

चूक! आणि तीही लिननमध्ये! लोकर एखादी चूक पोटात घालते. लिननचा धागा आडमुठा. एक टाका सैल गेला की चारचौघांत सांगत सुटतो. म्हणून तर सासूबाई धागा ओल्या फडक्यात ठेवून, लाकडी सुयांवर, डोळ्यांत तेल घालून विणायच्या. बाईंचं बोलणं ऐकल्यापासून आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी मन घट्ट करून त्यांनी प्रत्येक स्वेटरात एक टाका उलट घातला. एकाच जागी घातला. चूक करायची म्हणून काय वेडीवाकडी करायची?

हे सगळं सून दारात पाण्याचा ट्रे घेऊन ऐकत होती. तिला या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. तिनं काहीही विणलं की सासूबाई ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. “उसव.” रागानं नाही हो, दार लाव म्हणावं तितक्या सहज. धाग्याचे गुंडे करायचे, झालेले स्वेटर धुऊन सपाट पसरायचे, बटणं लावायची, ही सुनेची कामं. तरी ती कामातून वेळ काढून विणत राहायची. आपला एक, फक्त एक स्वेटर या उंबऱ्याबाहेर जावा, एवढीच तिची इच्छा होती. अकरा वर्षांत गेला नव्हता.

बाई जायला उठल्या तेव्हा त्यांचं लक्ष बाजूच्या खुर्चीकडे गेलं. तिथं एक राखी स्वेटर पडला होता. त्याचा निकाल सकाळीच लागला होता.

“हा कुणाचा?”

“तो राहू द्या,” सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. “तो उसवायचाय.”

बाईंनी ऐकलंच नाही. स्वेटर उचलून त्या बोट फिरवत बसल्या. “इथं जाळीचं एक भोक कमी आहे. काय झालं होतं?”

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “दूध उतू गेलं होतं,” ती पुटपुटली.

“आणि इथं?”

“धाकटीला शाळेतून आणायला उशीर होत होता. घाईत टाका सुटला.”

“अगंबाई, हेच तर हवंय मला!” बाईंचे डोळे चमकले. “असे वीस द्या, उन्हाळा लागायच्या आत. तुमचे सहा राहू द्या मावशी, घरात होतील कुणाला तरी.” राखी स्वेटर पिशवीत घालून त्या गेल्यासुद्धा.

सुनेला इतका आनंद झाला की तिनं ट्रे कपाटावर ठेवला, पाणी तसंच. मग मागं वळून पाहिलं आणि त्या आनंदाची तिला लाजच वाटली. सासूबाई सहा स्वेटरांच्या घड्या घालत होत्या. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. पण वीस स्वेटर काही एका हाताचं काम नव्हे, हे दोघींनाही कळत होतं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी सुया काढल्या. मुद्दाम खिडकीबाहेर बघत विणलं. बोटांना फरकच पडेना. गॅसवर दूध ठेवून शेजारीच विणत बसल्या. दूध वर आलं, तरी हातातला टाका पुरा झाल्याशिवाय त्यांना उठवेना. दूध सांडलं. टाका मात्र जागचा हलला नाही.

संध्याकाळी त्या वीतभर विणलेला तुकडा घेऊन स्वयंपाकघरात आल्या. “अगं, बघ बरं,” त्या म्हणाल्या, “जमलंय का?” हा आवाज सुनेनं कधी ऐकला नव्हता. परीक्षेला बसलेल्या पोरीचा होता तो.

सुनेनं हात पुसले. तुकडा खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. सैल टाके होते. दर सात टाक्यांनंतर एक, प्रत्येक ओळीत, मोजून घातल्यासारखा. तिला हसूही आलं आणि भरूनही आलं. छान झालंय म्हणावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण दुकानवाल्या बाई उजेडातच बघणार होत्या.

“नाही जमलं, आई,” ती म्हणाली. “उसवा.”