आंबोलीची पाल

भिंत नवीकोरी होती. डोंगरीच्या पायथ्यापासून पार वरच्या झुडपांपर्यंत राखाडी सिमेंटचा जाड थर, त्यावर लोखंडी जाळी आणि पाणी निघून जायला मध्येमध्ये पाइपची तोंडं. अक्षताने बॅगेतून टॉर्च काढला आणि भर दुपारी एकेका पाइपात डोकावायला सुरुवात केली. चाळीच्या गॅलरीतून दोन बायका तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"इथेच पकडली होतीस?" तिने विचारलं.

"इथेच," सुयोग म्हणाला. "म्हणजे तेव्हा उघडा कातळ होता गं. सगळ्या भेगाच भेगा."

अक्षता सह्याद्रीतल्या पालींवर पीएचडी करत होती आणि सुयोग तिच्याच लॅबमधला. घरातल्या भिंतीवर फिरते ती पाल वेगळी. ही करंगळीएवढी, काळपट, कातळाच्या भेगेत राहणारी. ती दरी उतरत नाही, पलीकडच्या डोंगरावर जात नाही, त्यामुळे लाखो वर्षांत जवळपास प्रत्येक डोंगराची पाल वेगळी होऊन बसलेली. हे डीएनएवरून दाखवून द्यायचं, एवढंच अक्षताचं काम, आणि त्यात तिची ऐन पंचविशी खर्ची पडली होती. सगळ्या पालींची वंशावळ मांडली तेव्हा एक नमुना कोणाशीच जुळेना. सिंधुदुर्गातल्या आंबोली घाटातला म्हणून नोंदलेला, पण तिथल्या बाकीच्या पालींपासून कोसभर लांब, वेगळ्याच फांदीवर एकटा. म्हणजे नवी जात. गाइड दीप्ती मॅडम एरवी ‘बरं आहे’च्या पुढे जात नसत, त्यांनी पेढे मागवले. अक्षताने तर नावही ठरवून टाकलं.

फक्त सुयोग पेढा हातात धरून बसून राहिला. तेव्हाच अक्षताच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ती पालीबद्दलच होती.

"घाटातली नाहीये ती," त्याने आज सकाळी सांगितलं. "आमच्या आंबोलीची आहे. अंधेरीची. घाटात जायच्या आधी जरा हात बसावा म्हणून घरामागे एक पकडली, शेपटीचं टोक घेतलं आणि सोडून दिली. नळीच्या टोपणावर तीनच अक्षरं मावतात यार. ए, एम, बी. दुसरं काय लिहिणार? मी आंबोलीलाच राहतो ना."

अक्षता आधी त्याच्यावर भडकली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पाल नवीच होती. घाटातली नव्हती, एवढंच. आणि हे तर त्याहून भारी होतं. घाटातल्या डोंगराला निदान शेजारी डोंगर असतात. ही डोंगरी आधी खाडीने आणि मग बिल्डिंगांनी वेढलेली, इथली पाल किती काळ एकटी राहिली असेल कोण जाणे. पण अक्षताकडे होतं ते शेपटीचं टोक, आणि तेही तपासणीत संपलेलं. अख्खी पाल हातात असल्याशिवाय जातीला नाव देता येत नाही. एक सापडायला हवी होती. एक पुरे होती.

शेवटच्या पाइपातही नुसती कोळिष्टकं निघाली.

"ही भिंत मागितली कोणी रे?" तिने चिडून विचारलं.

"आम्हीच. वरून धोंडा सुटून सुगंधा काकींच्या स्वयंपाकघरात आला. काकी नळावर होत्या म्हणून वाचल्या. मग आईने वॉर्ड ऑफिसात इतके खेटे घातले, की तिथला शिपाई तिला न विचारताच पाणी आणून द्यायचा."

अक्षताचा राग तिथेच विरला आणि तिला जास्तच वाईट वाटायला लागलं. रागवायला कोणीतरी असतं तर बरं झालं असतं.

"चल वर, चहा घे," सुयोग म्हणाला. "आणि आईसमोर पालीबिलीचं काढू नकोस. चाळभर होईल."

सुयोगच्या आईने, मालनताईंनी, दारातच तिची बॅग काढून घेतली. "सुयोगा, तिका पंख्याखाली बसव रे," म्हणत त्या पोह्यांची बशी घेऊन आल्या. मागची खिडकी उघडीच होती आणि हात लांब केला तर नव्या भिंतीला लागेल इतकी जवळ. अक्षताला एकदम वाटलं, कातळ बुजला तर पाली जाणार कुठे? इथेच येणार. तिची नजर ट्यूबलाइटच्या मागे गेली, मग कॅलेंडरच्या कडेला, मग देव्हाऱ्याच्या फळीखाली.

"पाल बघतेस होय?" मालनताईंनी विचारलं.

अक्षताचा घास हातातच राहिला. "तुम्हाला दिसल्या होत्या, काकू? काळ्या, बारीक?"

"दिसल्या म्हणजे? भिंतीचं काम लागलं आणि डोंगरीवरच्या सगळ्या घरात शिरल्या. भांड्यांमागे, गादीखाली, देवांच्या मागे. असल्या पाली मी बापजन्मात बघितल्या नव्हत्या."

अक्षता बशी ठेवून उभीच राहिली. "आणि आता?"

पोरगी चांगलीच घाबरली, असं मालनताईंना वाटलं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मायेने परत खाली बसवलं.

"निवांत खा गो. सगळ्या चाळीने मिळून औषध मारून घेतलंय. आता औषधालासुद्धा सापडायची नाही एक."