चपला घालून

दरवर्षी आजोबांच्या अटकेच्या तारखेला आजींच्या दारासमोर प्रेक्षक जमत. पोलिसांच्या वेशातले नट दार लाथाडून आत शिरत आणि आजोबांना अनवाणी ओढत नेत. सरकारविरुद्ध पत्रकं छापली म्हणून खऱ्या पोलिसांनी पूर्वी नेलं होतं, तस्संच. तेव्हा आजोबा चार वर्षांनी परतले होते. नाटकात कोपऱ्यावरूनच परतत, भूक लागायची म्हणून. यंदा बेल वाजली, तेव्हा नट अजून स्वयंपाकघरात चहा पीत होते. आजोबांनी दार उघडलं. “बेल काय वाजवता? लाथ घाला, लाथ!” आजोबा दारातल्या खऱ्याखुऱ्या फौजदाराला अभिनय शिकवत होते. आजींनी आजोबांच्या पायांपुढे चपला सरकवल्या. फौजदार ओशाळला. “आजोबा, नाटकवाल्यांचा टेम्पो रस्त्यात आडवा आहे. काढायला सांगता जरा?” चपला घालून त्याच्याबरोबर गेलेले आजोबा चहा निवायच्या आत परतले. “इतक्यात सोडलं?” म्हणत आजी हसत सुटल्या.