दारात पप्पा काय म्हणाले

लॅपटॉपनं पुन्हा नकार दिला. लाल अक्षरं आली, चौकोन रिकामा झाला आणि खाली तीच ओळ उरली: दारात पप्पा काय म्हणाले?

ते पप्पा म्हणजे शांतवन मास्तर. चर्चमधल्या उपासनेचे पांढरे कपडे अजून अंगावरच होते आणि ते खुर्चीत अंग चोरून बसले होते. शेजारी त्यांची सून नॅन्सी. लॅपटॉपपुढं रविराज, मास्तरांच्या मुलाचा, सॅमसनचा, शाळेपासूनचा मित्र. देवळाली प्रवऱ्यात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान वीतभर, ज्ञान मात्र गावभर. सॅमसनला देवाघरी जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यात त्यानं जे काही साठवलं ते क्रिप्टोत साठवलं, त्या ऑनलाइन पाकिटाला पासवर्डचं कुलूप घातलं आणि आठवणीसाठी ही एक ओळ मागं ठेवली. नॅन्सीला नर्सिंगचा कोर्स पुरा करायचा होता. फीची मुदत उद्या संपत होती.

"त्या पाकिटाच्या कंपनीला विचार की," मास्तर म्हणाले.

"कंपनीला बी म्हाईत न्हाई, सर. पासवर्ड यात ठिवलेलाच नसतो. त्याचं पीठ करून ठिवत्यात, त्याला हॅश म्हनत्यात. आपून वाक्य टाकलं की हे त्याचं बी पीठ करतं आन जुन्या पिठाशी जुळवून बघतं. पिठावरनं दाना काढता येत न्हाई, म्हनून चोराला घावत न्हाई. समदी क्रिप्टो त्याच्यावरच उभी हाय. मागच्या हिशेबात कुनी खाडाखोड केली की पीठ जुळतच न्हाई."

"म्हणजे थोडंफार इकडंतिकडं चालत नाही?" नॅन्सीनं विचारलं.

"न्हाई वयनी. एक दाना बदलला तरी पीठ लई येगळं हुतं. जे हाय तेच पायजे."

मास्तरांना ते नीट कळलं आणि म्हणूनच घाम फुटला. महिनाभर ते थोडंफार इकडंतिकडंच सांगत होते. आधी म्हणाले, 'नीट विचार कर' असं बोललो होतो. मग 'नोकरी सोडू नको'. मग 'देव तुझं भलं करो'. गावात हीच गोड केलेली वाक्यं खपून गेली होती. पाळकांपुढं खपली, सॅमसनच्या कबरीपुढंसुद्धा खपली. इथं एकही खपेना. खोटं बोलणाऱ्या पोराला मास्तर वर्गात शांतपणे म्हणायचे, परत सांग. आता लाल अक्षरं आली की त्यांना वाटायचं, सॅमसन आतून म्हणतोय, परत सांगा.

रविराजचा फोन वाजला. मास्तर दचकले. कुणाचाही फोन वाजला की ते असेच दचकायचे. त्यांचा स्वतःचा फोन कायम मुका असायचा. नॅन्सीनं एकदोनदा त्याचा आवाज चालू करून दिला होता, त्यांनी तो गुपचूप बंद केला.

"गिऱ्हाईक हाय, आलोच," म्हणत रविराज अंगणात गेला. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला आणि मग घर फार शांत झालं.

"नॅन्सी," मास्तर म्हणाले, "मी महिनाभर खोटं सांगतोय."

या घरात आता तिच्याशिवाय त्यांचं कुणी नव्हतं. खरं कळल्यावर ती इथं राहील असं त्यांना वाटत नव्हतं. पण तिची फी अडली होती, आणि ती त्यांच्या भित्रेपणामुळं अडली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"शाळेतली नोकरी सोडून पुण्याला निघाला होता. बॅग खांद्याला होती. माझं डोकं फिरलं." पुढचं तोंडून निघेना. त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, टाइप केलं.

मेलास तरी फोन करू नको.

नॅन्सीनं ते वाचलं. तिचा हात तोंडावर गेला. मास्तरांनी तिच्याकडं न बघता बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. चौकोन रिकामा झाला.

"हेच बोललो होतो मी," मास्तर म्हणाले. "अक्षर न अक्षर हेच. प्रभूला माहीत आहे."

नॅन्सीनं लाल अक्षरं पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाली, "पण पप्पा, मला तर यांनी वेगळंच सांगितलं होतं. मला वाटलं, ते तुम्ही पहिल्याच दिवशी टाकून बघितलं असेल."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणायचे, मी निघालो तेव्हा पप्पा दारात म्हणाले, पोचलास की फोन कर. आणि मीच केला नाही. म्हणून पप्पा रुसलेत, त्यांची काही चूक नाही."

तिनं लॅपटॉप आपल्याकडं वळवला आणि ते चार शब्द टाकले. कुलूप उघडलं. पडद्यावर आकडे आले, ते दोघांपैकी कुणीच वाचले नाहीत.

असं मास्तर कधी म्हणालेच नव्हते. पोचल्यावर सॅमसनचा फोन मात्र आला होता. टेबलावर तो वाजून वाजून थांबेपर्यंत ते त्याच्याकडं बघत बसले होते.