तिसऱ्यांदा लागलेला टॅग

टॅग परत लागला होता. काल संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने काढलेला, ‘बेपत्ता’ हा टॅग.

वर्तमानपत्राच्या फोटोसंग्रहात ती सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागली. फोटोंना टॅग लावायचे, चुकलेले काढायचे, एवढंच काम; फोटोच काढून टाकायचा अधिकार फक्त विभागप्रमुखांना. दोन लाख फोटोंच्या त्या ढिगाऱ्यात टॅग नसलेला फोटो असून नसल्यासारखा. म्हणूनच तिने या एका फोटोचा टॅग काढला होता. तीनदा काढला, तीनदा परत लागला.

फोटो अकरा वर्षांपूर्वीचा. रुंद कपाळ, किंचित पुढे आलेली हनुवटी. आरशात रोज दिसते तीच हनुवटी.

शुक्रवारी बेपत्ता माणसांवर पुरवणी निघणार होती. हा टॅग असलेले सगळे फोटो त्यात छापले जाणार. मग कुणीतरी ओळखणार, चौकशी करत येणार. तीन शहरं बदलून मिळवलेली शांतता मातीमोल होणार.

तिने टॅग पुन्हा काढला.

दुपारी विभागप्रमुख बाईंनी तिला आत बोलावलं. सगळे त्यांना आत्या म्हणत. दार लावून घे, म्हणाल्या.

टॅग कोण काढतं याची नोंद राहते, आत्यांनी सांगितलं. नवीन आहे, चुकत असेल, असं समजून त्याच रोज परत लावत होत्या. आज सकाळी मात्र लावता लावता त्यांनी त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“नवरा मारायचा?” त्यांनी हळूच विचारलं.

तिने मान खाली घातली.

आत्यांची धाकटी बहीणही अशीच नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली होती. एवढं सांगून त्या संगणकाकडे वळल्या. तिच्यादेखत त्यांनी तो फोटोच संग्रहातून कायमचा काढून टाकला.

“जा आता. तुला कुणी शोधत येणार नाही.”

तिला रडू आवरेना. आत्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

जिन्यात येऊन तिने डोळे पुसले आणि नवऱ्याला फोन लावला.

“भाऊजी,” ती म्हणाली. लग्नाला दहा वर्षं झाली तरी तोंडातली जुनी हाक जात नव्हती. “काम झालं. आता ताईला शोधायला कुणी ती विहीर उपसणार नाही.”