फादरचे तांदूळ

"मिलोच्या पिंडाला कावळा शिवेल का?" मी फादरना विचारलं. बहात्तरच्या दुष्काळात चर्चच्या ओट्यावर ते आम्हाला मिलो वाटायचे. मिलो म्हणजे परदेशी लाल ज्वारी.

रांगेत मागे उभा असलेला शेजारचा गेनबा म्हणाला, "आप्पा, माणसंच नाक मुरडून खातात. कावळा तर आपल्यापेक्षा शहाणा."

फादरनी माप खाली ठेवलं. "तुमच्या बायकोचा दहावा कधी आहे?"

"उद्या. घरात तांदळाचा दाणा नाही."

ते आत गेले आणि रुमालात बांधलेले मूठभर तांदूळ घेऊन आले. फादर वसईचे, त्यांना भात लागायचा, म्हणून त्यांची आई घरून तांदूळ पाठवायची. "एवढेच उरलेत," ते म्हणाले. "आमच्यात कावळ्याचं काही नसतं. पण बाईंसाठी घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी पिंड ठेवला आणि मी हात जोडायच्या आत कावळ्याने चोच मारली.

"वहिनींची काही इच्छा राहिली नव्हती," गेनबा म्हणाला. "नाहीतर कावळा दुपारपर्यंत बसवून ठेवतो."

आजारपणात तिला मिलो गिळवत नव्हता. "कुठे घासभर भात मिळतो का बघा," असं ती तीनदा म्हणाली होती. त्या दिवसांतही मी दर सोमवारी याच फादरसमोर उभा राहत होतो. फुकटच्या धान्यात आवडनिवड कुठे सांगायची, म्हणून तिच्यासाठी मागायची मला लाज वाटली.

कावळ्यासाठी वाटली नाही.