आधीच आलेले आभार

२०११ च्या फेब्रुवारीत, भर दुपारी, लखनौच्या एका औषध-तपासणी प्रयोगशाळेत कौमुदी दामलेला भेटायला एक अनोळखी बाई आली.

"दीदी, आपने मिर्गी की वो गोलियाँ रोक दीं, मेरी बच्ची बच गई," म्हणत तिने कौमुदीचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. मी तेलीबागची नसरीन, म्हणाली, फिट्सवरच्या त्या गोळ्यांचा बॅच नंबर सांगितला आणि गेली.

कौमुदीने नंबर शोधला. ती बॅच तपासायला आलीच नव्हती.

आली ती पुढच्या आठवड्यात. सहा गोळ्या पाण्यात सोडल्या, नेमक्या वेळात विरघळल्या. "पास करून टाक की," सहकारी हृषीकेश म्हणाला. पण कौमुदीचा हात सहीला उठेना. तिने दुसरा खोका फोडला. त्यातल्या गोळ्या तासभर पाण्यात खड्यांसारख्या पडून राहिल्या.

बॅच थांबली. किती मुलं वाचली असतील! आभार तर आपणच मानायला हवेत, म्हणून रविवारी ती मिठाई घेऊन, विचारत विचारत नसरीनच्या घरी पोचली.

दार नसरीननेच उघडलं. "जी, किससे मिलना है?"

तिने कौमुदीला ओळखलंच नाही. "माफ़ कीजिए, जल्दी में हूँ. बेटी को आज सुबह पहली बार दौरा पड़ा. दवा लेने जा रही हूँ."

कौमुदीचे डोळे भरून आले. मुलीला फिट आजच पहिल्यांदा आली होती, आणि आता दुकानात मिळणारी गोळी चांगली होती.

तेवढ्यात आईच्या मागून पाच वर्षांची मुलगी पुढे आली. तिने कौमुदीचं बोट मुठीत घट्ट धरलं.

"आप आ गईं," ती हळूच म्हणाली.